अखंड आस की स्वतंत्र चाके?

एस.टी.ची बस थांब्यावर उभी असताना मागून वाकून पाहिले, तर दोन्ही चाकांना जोडणारा जाड आडवा आस आणि त्याच्या मधोमध एक फुगीर डबा दिसतो. या डब्यात डिफरन्शियल असते. इंजिनाची ताकद तेथे येते आणि दोन्ही चाकांत वाटली जाते. या रचनेत डावे चाक खड्ड्यात उतरले की सबंध आस कलतो आणि उजवे चाकही तिरपे होते. शिवाय आस, डबा, चाके हे सारे वजन स्प्रिंगच्या खाली असते. खराब रस्त्यावर ते हातोड्यासारखे आपटते. हे वजन जितके जास्त, तितके चाक रस्त्याला चिकटून राहणे कठीण.

उपाय सुचायला कठीण नाही. डबा गाडीच्या सांगाड्याला बांधायचा आणि तेथून सांधे असलेले दोन आखूड दांडे चाकांपर्यंत न्यायचे. मग प्रत्येक चाक आपापले वरखाली होते. हेच स्वतंत्र सस्पेन्शन. १९३१ सालच्या मर्सिडीज १७० या गाडीची चारही चाके अशी स्वतंत्र होती.

मग १९६०च्या दशकातल्या अमेरिकेतील 'मसल कार', म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसवून केलेल्या मोटारी, अखंड आसावरच का धावल्या? तंत्र ठाऊक नव्हते म्हणून, असे उत्तर आपण चटकन देऊ. ते चूक आहे.

पाँटिअॅक कंपनीच्या टेंपेस्ट गाडीत १९६१ ते १९६३ या काळात मागची चाके स्वतंत्रच होती. मात्र तिच्या दांड्यांना सांधा फक्त डब्याजवळ होता, चाकाजवळ नव्हता. त्यामुळे चाक वरखाली होताना कलत असे. वेगात तीव्र वळण घेताना बाहेरचे चाक आत दुमडण्याचा आणि गाडीची मागची बाजू घसरण्याचा धोका असे. १९६०च्या शेव्हरोले कॉर्व्हेअरमध्येही हाच दोष होता. राल्फ नेडर यांनी १९६५च्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात पहिले प्रकरण तिच्यावरच लिहिले. गंमत अशी की त्याच वर्षीच्या नव्या कॉर्व्हेअरमध्ये चाकाजवळही सांधा देऊन हा दोष दूर झाला होता.

पाँटिअॅकने वेगळा मार्ग घेतला. १९६४ची टेंपेस्ट नव्याने आखताना अखंड आस परत आणला, आणि त्याच वर्षी तिच्यात ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसवून 'जीटीओ' काढली. मसल कारचा आरंभ सामान्यतः येथून मानतात. म्हणजे स्वतंत्र सस्पेन्शन हाती असताना ते बाजूला ठेवून ही परंपरा सुरू झाली.

यात केवळ काटकसर होती असे आम्हांला वाटत नाही. अखंड आस स्वस्त होता हे खरेच. पण या गाड्यांची परीक्षा पाव मैलाच्या, सुमारे ४०२ मीटरच्या सरळ शर्यतीत होई. तेथे वळण नाही, खड्डा नाही. एकदम सुटताना गाडीची मागची बाजू खाली दबते, तरी अखंड आसावरची दोन्ही चाके सरळ उभी राहतात, आणि झटक्याने मोडायला मधे नाजूक सांधे नसतात. १९६३च्या कॉर्व्हेटला झोरा अर्कुस-डुंटोव्ह यांनी स्वतंत्र मागची चाके दिली, पण ती महागडी स्पोर्ट्स कार. फोर्डच्या अभियंत्यांनी मस्टँगसाठीही अशी रचना करून पाहिली होती. ती कारखान्याबाहेर आली नाही.

जे कंपन्यांनी केले नाही ते हौशी लोकांनी घराच्या गॅरेजमध्ये केले. त्यांना सोयीचा माल मिळाला जग्वारचा. १९६१च्या ई-टाइपपासून जग्वारने डिफरन्शियल, ब्रेक, स्प्रिंगा असे सारे एका लोखंडी पिंजऱ्यात बसवले होते. भंगारातल्या जग्वारचा हा पिंजरा सबंध उतरवता येई. काम मात्र बोल्ट आवळण्याइतके सोपे नव्हे. चाकांतले अंतर जुळवावे लागते, इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचा कोन साधावा लागतो. इंजिन चाकांना फिरवते तेव्हा डिफरन्शियलचा डबा उलट दिशेने फिरू पाहतो. जुन्या गाडीत हा पीळ स्प्रिंगचे पाटे झेलत. आता तो पिंजऱ्यामार्फत गाडीच्या तळाच्या पत्र्यावर येतो. तो पत्रा त्यासाठी केलेला नसतो, म्हणून आधी सांगाडा मजबूत करावा लागतो. जग्वारचे मागचे ब्रेक डब्याला लागून असल्याने स्प्रिंगखालचे वजन घटते. पण ब्रेकची उष्णता डब्याच्या ऑइल सीलना जाचते.

१९९९ साली फोर्डने मस्टँग कोब्रात स्वतःच ही अदलाबदल केली. गाडी मुळात अखंड आसासाठी आखलेली, त्यामुळे नवी रचना आसाच्या जुन्याच जोडांवर बसेल अशी करावी लागली. एकूण वजन वाढले, स्प्रिंगखालचे मात्र कमी झाले. वळणावर गाडी सुधारली. तरी सरळ शर्यतवाल्यांपैकी अनेकांनी ती रचना काढून जुना आस परत बसवला! २००५च्या मस्टँगमध्ये फोर्डनेही अखंड आसच ठेवला, आणि २०१५च्या मस्टँगमध्ये सर्वांनाच स्वतंत्र चाके दिली. पुढच्याच वर्षी त्या मस्टँगची 'कोब्रा जेट' ही केवळ सरळ शर्यतीसाठीची गाडी निघाली. तिच्या मागे अखंड आस होता.