फळ्यावरून हरवलेला तीन



मागच्या चातुर्मासात गोम्मटसार जीवकांडाच्या स्वाध्यायात पर्याप्त मनुष्यांची संख्या आली. फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे. मी घरच्या जुन्या वहीतून ती उतरवली, सगळ्यांनी लिहून घेतली. तेवढ्यात मागून एक वयस्कर काकू म्हणाल्या, "अगं, अंक एकोणतीस हवेत. तुझे अठ्ठावीसच भरतात."

घरी येऊन दुपारी बसले. ही संख्या म्हणजे 96 वेळा दोन मांडून केलेला गुणाकार. म्हणून ती 96 वेळा निम्मी करता येते आणि शेवटी एक उरतो. अशा निम्मं करण्याला आपल्याकडे अर्धच्छेद म्हणतात. वीरसेन स्वामींच्या धवला टीकेत हा शब्द आहे (धवला 1939 पासून डॉ. हिरालाल जैन यांनी आपल्या अमरावतीतूनच छापून काढली). श्वेतांबरांच्या अनुयोगद्वार सूत्रातही 96 छेदांची हीच संख्या येते. माझ्या वहीतली संख्या चौदा वेळा निमूट निम्मी झाली आणि मग विषम आली. म्हणजे चूक नक्की. पण कुठे?

गाथेत सांगितलंय तसा पाचव्या वर्गाचा घन करून पाहायचं ठरवलं. दोनाचा वर्ग 4, त्याचा 16, मग 256, मग 65,536, आणि पाचवा 4,29,49,67,296. याचा घन करा किंवा सहाव्या वर्गाने याला गुणा, उत्तर एकच, कारण सहावा वर्ग हा पाचव्याचाच वर्ग. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरने शेवटचे अंक दाखवलेच नाहीत, आणि हाताने करताना हातच्यांत माझा गोंधळ झाला.

दुसऱ्या दिवशी काकूंनी पुढची गाथा पाठ म्हटली. दहाव्या शतकात नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी चामुंडरायांसाठी हा ग्रंथ रचला. श्रवणबेळगोळचे बाहुबली घडवून घेणारे तेच चामुंडराय. या गाथेत एकही आकडा नाही, एकोणतीस अक्षरं आहेत. क, ट, प, य म्हणजे एक; ग आणि ल म्हणजे तीन; न म्हणजे शून्य. वाचायचं एककापासून, उलट्या दिशेने. काकू अक्षर म्हणत गेल्या, मी अंक मांडत गेले. चौदाव्या जागी ला, पंधराव्या जागी गा. दोन्ही तीनच! माझ्या वहीत शेजारशेजारचे दोन तीन एकच झाले होते. अक्षरं वेगळी असल्यामुळे गाथेत ते कधी एक झाले नसते.

79228162514264337593543950336. फळ्यावर मी पुन्हा लिहिली, बायकांनी आपापल्या वह्या दुरुस्त केल्या. काकूंनी वही आणलीच नव्हती.