केसातलं कापडाचं फूल कोणाच्या हिशेबात?

जुलै २०२५ च्या पावसाळी अधिवेशनात फलोत्पादन मंत्री भरत गोगावले यांनी प्लास्टिकच्या फुलांवर राज्यात बंदी आणण्याची घोषणा केली. फूल पिकवणाऱ्या शेतकऱ्यांची मागणी रास्तच होती, माझंही त्याबद्दल दुमत नाही. पण या सगळ्या चर्चेत घरी बसून कापडाची फुलं करणाऱ्या बाया मला कुठे दिसल्या नाहीत. आमच्या बल्लारपुरात त्या आहेत, म्हणून हे थोडं लांबलचक लिहितेय.

केसात खोटं फूल माळणं हे काही आजचं फॅड नाही. श्रीमंताघरच्या बायकांकडे सोन्याचं अग्रफूल, केवडा, मूद, राखडी असायची. साध्या घरात शेवंतीची वेणी, अबोलीचा गजरा, तोही सणावारी. पुढे मुली शाळेत जाऊ लागल्या आणि रिबीन आली. दोन वेण्या वर बांधायच्या आणि रिबिनीचं फूल काढायचं, हे आपल्यापैकी कितीजणींनी केलंय! गरिबाच्या पोरीला रोज माळता येईल असं न सुकणारं फूल ते हेच.

आता बाजारात क्लिपवर, हेअरबँडवर जे फूल दिसतं, त्याची एकेक पाकळी हाताने होते. साटीनची पट्टी कापायची, कडा मेणबत्तीवर धरून शेकायच्या म्हणजे धागे सुटत नाहीत, मग धावदोरा घालून चुणी ओढायची, मधे मणी, मागे गोल कापड आणि क्लिप. बोटं भाजतात, डोळे दुखतात. पैसे मात्र डझनावर.

हे काम करणाऱ्यांचा इतिहास जगभर सारखाच आहे. लंडनमध्ये नोव्हेंबर १८६१ मध्ये मॅटिल्डा शॉयरर ही १९ वर्षांची मुलगी वारली. कृत्रिम पानांवर हिरवी पूड लावणं हे तिचं काम, आणि त्या पुडीत आर्सेनिक होतं. हॉफमन या रसायनशास्त्रज्ञाने हिशेब मांडला, की अशा एका शिरोभूषणातलं विष वीस माणसांना पुरेल. पुढे न्यूयॉर्कच्या चाळींत स्थलांतरित इटालियन बायका लेकरांना घेऊन रात्री फुलं चिकटवत बसायच्या. लुईस हाइनने त्यांचे फोटो काढले. मेरी व्हॅन क्लीकने त्यांची मजुरी, तास, हंगाम सगळं मोजून १९१३ मध्ये पुस्तकच काढलं. घरातलं काम हेही कामच आहे, हे आकड्यांनिशी मांडावं लागलं, तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं.

आपल्याकडे ही लढाई इलाबेन भट्ट यांच्या 'सेवा' संघटनेने १९७२ पासून लढली. १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार झाला, त्यातही 'सेवा'चा मोठा वाटा. भारताने मात्र तो अजून मान्य केलेला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत घरून काम करणाऱ्या कामगाराची व्याख्या आहे. पण व्याख्येत बसायला आधी नोंद लागते.

आणि नोंदीचंच आमच्याकडे वांधे आहेत. बल्लारपूरचा कागद टनात मोजतात, कोळसा टनात, सागवान घनमीटरमध्ये. फुलं करणारी बाई कोणत्याच रजिस्टरात नाही. विचारलं तर तीच म्हणते, "मी काही करत नाही बाई, घरीच असते."

आता बंदीकडे परत येते. साटीनची स्वस्त रिबीन बहुतेक पॉलिएस्टरची, म्हणजे तेही प्लास्टिकच. नियमात 'कृत्रिम फूल' म्हणजे नेमकं काय, हे नीट लिहिलं नाही तर मंडपातल्या प्लास्टिकच्या माळांसोबत या बायांचं कामही जाईल. उलट, मनात आणलं तर यातून त्यांचा फायदाही करता येईल. गडचिरोलीत आरमोरीकडे ढिवर समाज ऐनाच्या झाडांवर टसरचे कोष घेतो. सुती कापड, टसरच्या चिंध्या, फुटके कोष वापरून केसांची फुलं होऊ शकतात. बचत गटांना माल, प्रशिक्षण आणि विक्रीची जागा द्या, एवढंच.

तोवर एक करू या. आपल्या वॉर्डात अशी फुलं करणाऱ्या बायांची यादी करू. नाव, दिवसाचे तास, डझनाचा दर. ई-श्रमवर त्यांची नोंदणी करून देऊ. ती यादी नगर परिषदेत आणि आमदारांकडे मी स्वतः घेऊन जाईन. कोण येतंय सोबत?