आरशासमोर कोण उभं आहे?

कबड्डीचा सामना बघताना एक गोष्ट आपण पुष्कळदा पाहिलेली असते. चढाई करणारा मध्यरेषेकडे झेपावला, की बाहेर बसलेल्या राखीव खेळाडूंचे खांदेही नकळत पुढे झुकतात. दुसऱ्याची हालचाल नुसती बघताना मेंदूत काय घडतं, या प्रश्नाचा एक धागा १९९० च्या सुमारास इटलीतल्या पार्मा शहरात हाती लागला. तोही जरा अनपेक्षितपणेच.

पार्मा विद्यापीठात जाकोमो रिझोलाट्टी आणि त्यांचे सहकारी मॅकाक माकडांवर काम करत होते. (आपल्याकडची लाल तोंडाची माकडं याच गटातली.) हालचालींची आखणी करणाऱ्या मेंदूच्या एका भागात अतिसूक्ष्म इलेक्ट्रोड बसवून, माकड एखादी वस्तू उचलतं तेव्हा कोणती चेतापेशी कधी चेतते, हे ते नोंदवत. एकदा लक्षात आलं, की खाऊ माणसाने उचलला तरी काही पेशी चेततात! माकडाचा हात तर जागेवरच असतो. आइस्क्रीम खाणाऱ्या विद्यार्थ्याची सुरस कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. शोधनिबंधात मात्र ती नाही. हा निबंध ‘नेचर’ने सर्वसाधारण वाचकांना त्यात रस वाटणार नाही म्हणून परत केला, असं रिझोलाट्टींनी पुढे सांगितलं. १९९२ मध्ये तो दुसऱ्या नियतकालिकात आला. १९९६ च्या निबंधात दोन माकडांमधल्या ५३२ पेशींची नोंद आहे. त्यांतल्या ९२ पेशी स्वतः करताना आणि दुसऱ्याचं बघताना, अशा दोन्ही वेळी चेतल्या. त्यांना ‘मिरर न्यूरॉन’, म्हणजे आरसापेशी, हे नाव मिळालं.

नाव झकास होतं, आणि आमच्या मते थोडा घोटाळा तिथेच झाला. आरसा समोर येईल ते दाखवतो. बघणारा कोण आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. २००० साली व्ही. एस. रामचंद्रन यांनी तर असं भाकीत केलं, की डीएनएने जीवशास्त्रासाठी जे केलं ते या पेशी मानसशास्त्रासाठी करतील. भाषा, सहानुभूती, अनुकरण, सगळ्याचं उत्तर आरसापेशी! शिक्षकांच्या शिबिरांतही आम्ही हे ऐकलं आहे: मुलांना नीट करून दाखवा, बाकीचं त्यांचा मेंदू बघून घेईल.

प्रयोग मात्र वेगळंच सांगू लागले होते. २००५ साली लंडनमधल्या संशोधकांनी बॅले नर्तक, कापोएरा (ब्राझीलमधली नृत्यासारखी झुंजकला) करणारे आणि यांतलं काहीच न येणारे, अशा तीन गटांना दोन्ही प्रकारच्या छोट्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. दोन्ही कलावंतांचे मेंदू आपापल्या कलेच्या हालचाली बघताना अधिक सक्रिय झाले. नवख्यांमध्ये असा फरक दिसला नाही.

इथे कोणी म्हणेल, यात काय नवल? ओळखीचं दिसलं, एवढंच. हीच शंका त्या संशोधकांनाही होती. बॅलेमध्ये काही हालचाली फक्त पुरुष करतात, काही फक्त स्त्रिया. पण एकत्र तालमीमुळे दोघांच्याही नजरेला त्या सारख्याच परिचित असतात. २००६ च्या प्रयोगात या हालचाली दाखवल्यावर, ज्या स्वतः केलेल्या होत्या त्यांनाच मेंदूतल्या हालचालींच्या यंत्रणेकडून अधिक प्रतिसाद मिळाला. म्हणजे वर्षानुवर्षं नुसतं बघितलेलं आणि स्वतःच्या अंगाने सराव केलेलं, यांत मेंदू भेद करतो. हे वाचून प्रयोगशाळेत फक्त बघत उभ्या राहणाऱ्या मागच्या रांगेतल्या मुलांची आठवण होते. पण स्कॅनिंगच्या खोलीतून थेट वर्गात उडी मारणं बरं नव्हे.

त्यानंतर २००७ मध्ये लंडनमध्येच हा आरसा चक्क उलटा करून दाखवण्यात आला. पडद्यावर तर्जनी हलली की आपली करंगळी हलवायची आणि करंगळी हलली की तर्जनी, असा सराव लोकांकडून करून घेतला. मग नुसती तर्जनी हलताना दाखवली, तर त्यांच्या करंगळीच्या स्नायूतला प्रतिसाद वाढलेला आढळला. तो मोजण्याची पद्धतही गमतीची आहे. डोक्यावरून चुंबकीय स्पंद दिला की हाताचा स्नायू किंचित आकुंचन पावतो, आणि त्या हाताची यंत्रणा आधीच जागी असेल तर जास्त.

इथवर ‘स्व’ म्हणजे आपलं सरावलेलं शरीर. पण स्वतःविषयीची आपली कल्पना? कॅनडातल्या विल्फ्रिड लॉरिये विद्यापीठातले सुखविंदर ओभी आणि सहकारी यांनी २०११ मध्ये तेच पाहिलं. काही शब्द दाखवून लोकांच्या मनात कधी ‘मी वेगळा, स्वतंत्र’ ही भावना जागी केली, कधी ‘मी इतरांशी जोडलेला’ ही. मग दुसऱ्याच्या हाताची क्रिया दाखवून तोच चुंबकीय स्पंद दिला. जोडलेपणाची भावना जागी असताना स्नायूंचा प्रतिसाद अधिक मोठा होता. क्रिया तीच, बघणाराही तोच. बदलला तो त्याचा ‘मी’.

हा निष्कर्ष आम्हाला मोहक वाटतो, म्हणूनच जरा जपून घ्यावासा वाटतो. असे प्रयोग थोड्या माणसांवर होतात, आणि शब्दांनी मनोभूमिका बदलण्याचे मानसशास्त्रातले बरेच गाजलेले प्रयोग पुन्हा करून पाहिल्यावर टिकले नाहीत. शिवाय इथला ‘मी’ काही मिनिटांपुरता हलवलेला होता. घर, भाषा आणि खेळाचं मैदान यांतून वर्षानुवर्षं घडलेल्या ‘मी’बद्दल हा प्रयोग काही सांगत नाही.