अंगणातली शाळा आणि आईचे पातेले

बडोद्याच्या मराठी घरांत सयाजीराव महाराजांचे नाव निघाले की १९०६ साली राज्यभर लागू झालेल्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची आठवण आम्ही अभिमानाने काढतो. मात्र शाळेच्या वयाआधीचे मूल कायद्याबाहेरच होते. त्याची शाळा म्हणजे घर आणि शिक्षिका म्हणजे आई.

या वयाच्या मुलांसाठी ताराबाई मोडक यांनी गुजरातेतच, भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केले. १९४५ मध्ये त्यांनी ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले बालवाडीत येईनात. कुणी गुरांमागे, कुणी धाकट्या भावंडापाशी अडकलेले. तेव्हा बालवाडीच त्यांच्या दारी गेली. तीच अंगणवाडी. शिकवणे आता आईच्या डोळ्यांदेखत होऊ लागले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ ठिकाणी सुरू केली. त्यांत आपल्या शेजारचे छोटा उदेपूर होते. केंद्रांना नाव मिळाले अंगणवाडी. पूरक आहाराबरोबरच १५ ते ४५ वर्षांच्या स्त्रियांना आहार व आरोग्याचे शिक्षण देणे, हाही योजनेचा भाग होता. कारण अंगणवाडीत मूल एक वेळ खाणार, बाकीचे घरीच.

पण आईला सांगायचे काय? लहान मुलाचे पोट लहान. घट्ट लापशी त्याला गिळवत नाही. पाणी घालून पातळ केली तर पोट भरते, पण अंगी लागत नाही. महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांच्या गटाने १९८० च्या दशकात यावर संशोधन केले. मोड आणलेल्या धान्याचे थोडे पीठ घट्ट लापशीत घातले की ती सैल होते, आणि तेवढ्याच वाटीत जास्त धान्य मुलाच्या पोटात जाते.

नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून, दळून वस्त्रगाळ सत्त्व करणाऱ्या आमच्या आज्यांना हे हाताने ठाऊक होते. कारण प्रयोगशाळेने सांगितले. म्हणूनच आईला अडाणी समजून दिलेली व्याख्याने वाया जातात आणि तिच्या पातेल्यापासून सुरू झालेले शिक्षण टिकते.

आज आमच्या घरांतून सत्त्वाचा डबा जाऊन बिस्किटांचे पुडे आले आहेत. ज्यांच्या घरी आजी आहे, त्यांनी यंदा सत्त्वाची कृती लिहून घ्यावी. आईने, आणि बाबांनीही.