चांदबीबीला हवा होता एक नंबर दोन

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी अवतार.

२०२४ ची अमेरिकेची निवडणूक आठवतेय? जुलैमध्ये ट्रम्प यांनी जे. डी. व्हान्स यांचं नाव जाहीर केलं, ऑगस्टमध्ये कमला हॅरिस यांनी टिम वॉल्झ यांचं. त्याआधी बरेच दिवस टीव्हीवर एकच चर्चा. हा घेतला तर कुठलं राज्य हाताला लागेल? तो घेतला तर कोण रुसेल? याला तिकडे म्हणतात रनिंग मेट. आपण सरळ नंबर दोन म्हणू.

आपल्याकडे राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपती यांच्या निवडणुका वेगवेगळ्या होतात, म्हणून हा खेळ आपल्याला परका वाटतो. पण अगदी हाच हिशोब सव्वाचारशे वर्षांपूर्वी एका बाईला करावा लागला होता, आणि तोही नगरच्या भुईकोट किल्ल्यात बसून. फरक इतकाच, की तिच्या हिशोबात मतं नव्हती, घोडदळ होतं. आणि हिशोब चुकला तर निवडणूक हरायची नव्हती, जीव जाणार होता.

त्या बाईचं नाव चांदबीबी.

पेशवा म्हटलं की पुणंच का आठवतं?

पेशवा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर शनिवारवाडा येतो. पण बाजीरावाच्या शंभर-दीडशे वर्षं आधी हा शब्द नगरच्या दरबारात रोजच्या वापरात होता. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या निजामशाहीत सुलतान नंबर एक आणि पेशवा नंबर दोन. कारभार, फौज, वसुली, सगळ्यावर त्याचा हात.

नगरकरांनो, शाह डोंगरावरची ती उंच तीन मजली वास्तू माहितीय ना? पावसाळ्यात सगळे फोटो काढायला जातात. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. पण तो महालही नाही आणि चांदबीबीचाही नाही. ती कबर आहे सलाबतखानाची. मुर्तझा निजामशाह पहिला याचा हा वजीर. म्हणजे बांधकाम नंबर दोनचं आणि नाव पडलं दुसऱ्याच कुणाचं!

हा सलाबतखान आपल्या गोष्टीत महत्त्वाचा आहे. मुर्तझा लोकांत मिसळायचा नाही, बागेत एकटा राहायचा. राज्य सलाबतखान चालवायचा. एके दिवशी सुलतानाची मर्जी फिरली आणि त्यानं याला कैदेत जायचा हुकूम दिला. फौज याच्या हातात होती, दरबारही याच्याच हातात होता. मनात आणलं असतं तर त्यानं हुकूम फाडून टाकला असता. पण फेरिश्ता नावाचा इतिहासकार, जो तरुणपणी नगरच्याच दरबारात होता, तो सांगतो की सलाबतखानानं स्वतःच पायात बेड्या घातल्या, पालखीत बसला आणि सांगितलेल्या किल्ल्यावर निघून गेला.

किती निष्ठावान माणूस, असं वाटतं ना? पण पुढचं ऐका. तो गेल्यावर मुर्तझाला सांभाळणारं कुणी उरलं नाही. १५८८ मध्ये त्याच्या मुलानंच, मिरान हुसेननं, त्याला मारलं. वर्षभरात त्या मिरान हुसेनलाही मिर्झाखान नावाच्या त्याच्याच नंबर दोननं संपवलं.

म्हणजे एक नंबर दोन गप्प तुरुंगात गेला आणि दुसऱ्यानं सुलतानालाच वर पाठवलं. दोघांना अडवणारा नियम एकच: त्यांची स्वतःची मर्जी.

गट तीन, खुर्ची एक

आता दरबारात कोण कोण होतं ते बघू, नाहीतर पुढची गोष्ट कळणार नाही. ढोबळमानानं तीन गट. पहिले दखनी, म्हणजे इथलेच झालेले मुसलमान सरदार. दुसरे हबशी, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आलेले आणि तलवारीच्या जोरावर सरदार झालेले. तिसरे आफाकी, म्हणजे इराण-मध्य आशियातून आलेले परदेशी. शिवाय मराठा सरदार आपापली पथकं बाळगून होतेच.

सरदार म्हणजे नुसता माणूस नव्हे, त्याच्यामागे त्याचं घोडदळ आणि त्या घोडदळाच्या खर्चाला तोडून दिलेला मुलूख. त्यामुळे पेशवा निवडायचा म्हणजे एक गट घरात घ्यायचा आणि बाकीचे दाराबाहेर ठेवायचे. अमेरिकेत ज्याला तिकिटाचा समतोल म्हणतात ना, तोच प्रकार. १९६० मध्ये केनेडींनी लिंडन जॉन्सनना घेतलं ते टेक्सास आणि दक्षिणेकडची मतं मिळावीत म्हणून. नगरमध्ये मतांच्या जागी घोडे मोजायचे.

विजापूरचा अनुभव

चांदबीबी ही हुसेन निजामशाह पहिला याची मुलगी. लग्न झालं विजापूरच्या अली आदिलशाहशी. १५८० मध्ये अलीचा खून झाला. गादीवर बसला त्याचा पुतण्या इब्राहिम, वय नऊ. राज्य सांभाळायची जबाबदारी चांदबीबीवर.

आणि मग सुरू झाली नंबर दोनची रांग. पहिला कामिलखान. तो डोईजड झाला म्हणून तिनं किश्वरखानाची मदत घेऊन त्याला हटवलं. आता किश्वरखान नंबर दोन. त्यानं काय करावं? चांदबीबीलाच कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवलं! मग हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला, चांदबीबी सुटली आणि हबशी इखलासखान नंबर दोन झाला. त्याला दिलावरखानानं आंधळं करून बाजूला सारलं. हे सगळं साधारण दोन-तीन वर्षांत.

यातला पॅटर्न लक्षात आला का? प्रत्येक वेळी जुन्याला काढायला नवा लागतो, आणि ज्याच्या ताकदीवर जुना निघाला, त्याच ताकदीवर नवा डोक्यावर बसतो.

पुढे चांदबीबी माहेरी नगरला आली. डोक्यात हा सगळा अनुभव घेऊन.

१५९५: राजे चार, निवडणारेही चार

१५९५ मध्ये इब्राहिम निजामशाह विजापूरशी लढताना मारला गेला. त्याचा मुलगा बहादूर अगदी तान्हा. आणि नगरात एकाच वेळी चार जणांनी चार राजे पुढे केले.

मियाँ मंजू या दखनी सरदारानं अहमद नावाच्या मुलाला राजवंशातला म्हणून गादीवर बसवलं आणि बहादूरला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर ठेवलं. हबशांच्या इखलासखानानं (नाव तेच, पण हा विजापूरवाला नव्हे) अहमद राजवंशातला नाहीच असं म्हणत मोती नावाचा दुसराच मुलगा उभा केला. अभंगखान या तिसऱ्या सरदारानं थेट सत्तरीतला शाह अली शोधून आणला. आणि चांदबीबी म्हणाली, खरा वारस बहादूरच.

बघा, इथे सगळं उलटं चाललंय. अमेरिकेत नंबर एक आपला नंबर दोन निवडतो. इथे नंबर दोन व्हायची इच्छा असलेला माणूस आपल्या सोयीचा नंबर एक शोधतोय!

त्यात मियाँ मंजूनं घाबरून गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शाहजादा मुरादला, मदतीला बोलावलं. मदतीची गरज संपली तरी मुराद आलाच. १५९५ च्या डिसेंबरात मुघलांचा वेढा पडला. मियाँ मंजू किल्ला सोडून गेला आणि चांदबीबी उभी राहिली. सुरुंग शोधून निकामी केले, एकानं तट फुटला तर हातात तलवार घेऊन ती खिंडारापाशी आली, आणि रातोरात भिंत पुन्हा उभी राहिली. शेवटी १५९६ मध्ये तह झाला. वऱ्हाड मुघलांना गेलं, पण नगर वाचलं आणि बहादूर सुलतान झाला.

शाळेच्या पुस्तकातली गोष्ट साधारण इथे संपते. खरी अवघड परीक्षा पुढे होती.

पेशवा पहिला, पेशवा दुसरा

राजा तान्हा. राज्य बाईच्या हातात. दारात मुघल. पेशवा निवडायचाय. पर्याय कोण?

मियाँ मंजू? त्यानंच तर मुघलांना बोलावलं. इखलासखान? हबशी येतील, पण दखनी बिथरतील. अभंगखान? लढवय्या, पण त्याचा राजा वेगळा. मग तिनं निवडला मुहम्मदखान. वेढ्याच्या वेळी तो तिच्या बाजूनं उभा होता. कसोटी म्हणाल तर निष्ठा.

काही काळातच या निष्ठावानानं आपली माणसं जागोजागी बसवली, अभंगखानासारख्या सरदारांना कैदेत टाकलं आणि चांदबीबीला बाजूला सारायला सुरुवात केली. आता त्याला काढायचं कसं? दरबारात तशी सोयच नव्हती. तिनं विजापूरला इब्राहिम आदिलशाहला, म्हणजे तिनंच लहानपणी सांभाळलेल्या पुतण्याला, लिहिलं. तिथून सुहेलखान फौज घेऊन आला. विचार करा, स्वतःचा पेशवा हटवायला शेजारच्या राज्याचं सैन्य! मुहम्मदखान काही महिने किल्ला धरून बसला आणि शेवटी त्यानं चक्क मुघलांना निरोप धाडला. तेव्हा किल्ल्यातल्या शिपायांनीच त्याला पकडून चांदबीबीच्या हवाली केलं.

मग दुसरा पेशवा, अभंगखान. या वेळी कसोटी निष्ठा नव्हती, ताकद होती. मुघल पुन्हा येणार हे दिसत होतं. १५९७ मध्ये गोदावरीकाठी सोनपेठजवळ सुहेलखानाचा मुघलांकडून पराभव झाला होता. लढणारा माणूस हवाच होता. पण ताकदवान माणसाला दुसऱ्याची सत्ता कशाला हवी? अभंगखानानं बहादूरला ताब्यात घेऊन चांदबीबीला दूर करायचा डाव मांडला. तिला सुगावा लागला, तिनं किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. मग काय, पेशवा बाहेरून वेढा घालून बसलाय आणि आत त्याचीच मालकीण!

मुघल शाहजादा दानियाल चालून आला तेव्हा अभंगखान जुन्नरकडे निघून गेला. १६०० मध्ये किल्ल्यात चांदबीबी एकटी. विश्वासातल्या माणसाशी, हमीदखानाशी, तिनं सल्लामसलत केली: लढून उपयोग नाही, किल्ला देऊ, बहादूरला घेऊन जुन्नरला जाऊ. तो बाहेर जाऊन ओरडला, चांदबीबी फितूर झाली! चिडलेल्या जमावानं तिला मारलं. ऑगस्टमध्ये किल्ला पडला. लहानग्या बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या कैदेत.

आता प्रश्न असा, की चांदबीबी माणसं ओळखण्यात कच्ची होती का? मला तसं वाटत नाही. तिनं एकदा निष्ठा बघून निवडलं, एकदा ताकद बघून. दोन्हीचा शेवट एकच. खोट माणसात कमी आणि पदात जास्त होती. ज्या फौजेसाठी पेशवा घ्यायचा, ती फौज त्याची स्वतःची. म्हणजे ज्या कारणानं त्याला आत घ्यावं लागतं, त्याच कारणानं त्याला बाहेर काढता येत नाही.

पेमगिरीचा मुलगा

यापुढे नगरच्या राजकारणात नंबर दोनच नंबर एक झाला. मलिक अंबरनं निजामशाही वंशातला मुर्तझा गादीवर बसवला, त्याला आपली मुलगी दिली आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत राज्य स्वतः चालवलं. उत्तम चालवलं. पण त्याचा मुलगा फतेहखान तसा नव्हता. त्यानं सुलतानाला मारलं, लहान पोराला गादीवर ठेवलं आणि १६३३ मध्ये दौलताबाद मुघलांना गेलं.

तेव्हा संगमनेर तालुक्यातल्या पेमगिरी किल्ल्यावर शहाजीराजांनी निजामशाही वंशातल्या एका लहान मुलाला सुलतान म्हणून बसवलं आणि कारभार हाती घेतला. मुघल आणि आदिलशाही दोघे एक झाले, तरी १६३६ पर्यंत त्यांनी झुंज दिली. शेवटी माहुलीला शरण जावं लागलं. निजामशाही संपली.

तेव्हा बाल शिवबा सहा वर्षांचे होते. पुढे महाराजांनी अष्टप्रधान नेमले तेव्हा काय केलं? पद वंशपरंपरेनं द्यायचं नाही आणि पगार शक्यतो रोख, सरकारी खजिन्यातून. मुलूख तोडून द्यायचा नाही. म्हणजे पेशवा असेल, पण फौज त्याची नसेल. चांदबीबीला जे जमवता आलं नाही, ते हेच होतं. आणि शाहूमहाराजांच्या काळात पेशवेपद बापाकडून मुलाकडे जायला लागलं, तेव्हा काय झालं ते तुम्हाला माहितीच आहे. साताऱ्याची गादी नावाला राहिली, राज्य पुण्यातून चाललं.

आणि आज?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला उपराष्ट्राध्यक्ष नेमणुकीनंतर काढता येत नाही, त्याला महाभियोगच लागतो. पण उपराष्ट्राध्यक्षाच्या हातात स्वतःचं असं फारसं काही नसतं. १९४५ मध्ये रूझवेल्ट वारले आणि ट्रुमन राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा त्यांना अणुबॉम्बच्या कामाची नीट माहितीही नव्हती! अपमानास्पद वाटतं, पण याच कारणानं तिथे नंबर दोन वेढा घालू शकत नाही.

आपल्याकडे उपमुख्यमंत्री हे पद तर राज्यघटनेत लिहिलेलंच नाही. तरी १९७८ पासून महाराष्ट्रात ते आहे. दोन काँग्रेसच्या आघाडीत वसंतदादा पाटील मुख्यमंत्री आणि नाशिकराव तिरपुडे पहिले उपमुख्यमंत्री. १९८३ मध्ये आपल्या श्रीरामपूरचे रामराव आदिक वसंतदादांचेच उपमुख्यमंत्री झाले. पद एक, पण जात वेगळी. आघाडीतला उपमुख्यमंत्री स्वतःचे आमदार घेऊन येतो. त्याला काढलं की सरकारच पडायचं. एकाच पक्षातला असेल तर तसं नसतं.

म्हणून पुढच्या वेळी बातम्यांत नंबर दोनची नावं चर्चेत आली, मग ते वॉशिंग्टन असो, मुंबई असो की तुमच्या गावचा उपसरपंच असो, तर तो काय घेऊन येतोय एवढंच विचारू नका. हेही विचारा: उद्या नको झाला, तर याला घरी कसं पाठवणार?

आणि शाह डोंगरावर गेलात तर सोबतच्यांना सांगा, हा चांदबीबीचा महाल नाही. इथे झोपलाय तो नंबर दोन, जो सांगितल्यावर स्वतःहून निघून गेला.

तुमच्या गावात, तालुक्यात असा एखादा नंबर दोन होऊन गेलाय का? जुना असेल तर उत्तमच. आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!