रसाची वाट

मालवणला आलेल्या पाहुण्याला आपण सिंधुदुर्ग दाखवतो आणि पायात शिसं ओतल्याची गोष्ट हमखास सांगतो. २५ नोव्हेंबर १६६४ ला कुरटे बेटावर पायाभरणी झाली, १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला. शिसं जड, ३२७ अंशांना वितळणारं. दगडांच्या सांध्यात ओतलं की आपल्या वजनानेच बसतं. ओतकामातला हा सोपा धडा म्हणायचा. अवघड धडा अ‍ॅल्युमिनियमचा, आणि तो माणसाला फार उशिरा कळला.

१८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळवता, विजेने अ‍ॅल्युमिनियम काढायची रीत शोधली. धातू स्वस्त झाला, वाळूच्या साच्यात ओतला जाऊ लागला. पण याचा स्वभाव निराळा! हवा लागताच रसावर दुधासारखी साय धरते. बिडाची मळी हलकी, वर तरंगते, काढून टाकता येते. ही साय तशी सहज वर येत नाही. रस उसळला की ती घडी पडून आत जाते आणि घडीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटत नाहीत. वरून भाग गुळगुळीत, आत चीर. पंपाचं झाकण असेल तर पाणी झिरपतं, भार घेणारा भाग असेल तर नेमका तिथे मोडतो.

मग दोष कुणाचा? माझे एक काका घाट चढून एका कारखान्यात ओतकामाला लागले होते. माल भंगारात गेला की बोलणी ओतणाऱ्याने खायची, हा तिथला रिवाज. ‘हात वाईट’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं.

१९५० च्या सुमारास अमेरिकेत बॅटेल संस्थेत पारदर्शक साचे करून त्यांत पाणी सोडून पाहिलं गेलं. पडणारी धार खाली बारीक होत जाते, हे आपण तांब्यातून पाणी ओततानाही बघतो. भोक सरळ ठेवलं तर उरलेल्या जागेतून हवा ओढली जाते. म्हणून उतरतं भोक खाली निमुळतं हवं. पुढे बर्मिंगहॅमच्या जॉन कॅम्पबेल यांनी मर्यादा आकड्यात सांगितली: साच्यात शिरताना रसाचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत हवा. आता गंमत बघा, नुसता सव्वा सेंटिमीटर पडला तरी रस तेवढा वेग घेतो! वीस सेंटिमीटरवरून पडला तर चौपट. मग कितीही सावकाश ओता, हाताने हे सावरत नाही. सावरते ती वाट: तळाशी आडवी, पुढे रुंद होत जाणारी, मध्ये जाळी, आणि साच्यात खालून शांतपणे शिरणारं तोंड.

त्या तोंडाला फाउंड्रीत गेटच म्हणतात. आपल्या किल्ल्याचा महादरवाजाही समोरून दिसत नाही. तटाला वळसा घालून आत जावं लागतं. येणाऱ्याचा जोर दारातच मोडायचा, हे त्या बांधणाऱ्यांना नीट माहीत होतं.

असो. काकांच्या हयातीत हा हिशोब त्यांच्यापर्यंत पोचला नाही. आज आपल्या गावातली मुलं कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत जातात. त्यांना एवढं जरूर सांगा: माल बिघडला तर हात बघण्याआधी वाट बघा.