धर्मयुद्धामागील मन

उज्जयिनीत नानाखेड्याच्या बसस्थानकावर उतरून महाकालेश्वराच्या दर्शनास जाणाऱ्या यात्रेकरूस आज दिसते ते मंदिर अठराव्या शतकातील आहे. पूर्वीचे देवालय दिल्लीचा सुलतान अल्तमश याने १२३४-३५ च्या माळव्यावरील स्वारीत उद्ध्वस्त केले. हे कृत्य निव्वळ धर्मवेडाचे होते काय?

मिन्हाज-उस-सिराज हा काजी व इतिहासकार ही हकीकत अभिमानाने सांगतो. महाकालाची शिळा आणि विक्रमादित्याची प्रतिमा दिल्लीस नेल्याचे तो नमूद करतो. ही विजयचिन्हे उज्जयिनीहून दिल्लीस का न्यावी लागली? अल्तमश हा मूळचा गुलाम. १२११ च्या सुमारास प्रतिस्पर्ध्यांना बाजूस सारून तो गादीवर आला होता. १२२९ मध्ये बगदादच्या खलिफाने त्यास मान्यता दिली. तरी आपण धर्मरक्षक आहो, हे स्वकीयांना पटवीत राहणे त्यास आवश्यक होते. माळवा त्याने राज्यास जोडला नाही. तेथे परमारच राज्य करीत राहिले. लूट आणि कीर्ती मात्र दिल्लीस गेली.

तथापि धर्म हा केवळ मुखवटा होता, असे म्हणणेही चुकीचे ठरेल. मिन्हाजसारख्यांना हे खरोखरच पुण्यकृत्य वाटत होते. श्रद्धा आणि स्वार्थ एकाच दिशेने ओढू लागले, म्हणजे सदसद्विवेकबुद्धी मुकी होते. धर्मयुद्धाचे खरे बळ येथेच आहे.

ख्रिस्ती जगही यास अपवाद नाही. १०९५ मध्ये पोप दुसरा अर्बन याने जेरुसलेमच्या मुक्तीसाठी शस्त्र धरणाऱ्यांना प्रायश्चित्तातून सूट देऊ केली. पुढे चौथ्या स्वारीतील क्रूसवीर व्हेनिसच्या कर्जात बुडाले. कॉन्स्टँटिनोपलच्या एका राजपुत्राने द्रव्याचे आमिष दाखविले, आणि अखेर १२०४ मध्ये त्यांनी तेच ख्रिस्ती नगर लुटले. छातीवरचा क्रूस तेथील चर्चेसही वाचवू शकला नाही.

कारणे समजून घेणे म्हणजे अपराध पोटात घालणे नव्हे. परंतु अपराध करणाऱ्याचा असतो. शतकांनंतर त्याच धर्मात जन्मलेल्याचा नव्हे. हा भेद विसरणारा समाज जुन्या जखमेतून नवे धर्मयुद्ध जन्मास घालतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. पाडलेले पुन्हा बांधून काढणे, हेही विध्वंसाला दिलेले उत्तरच होय. आणि तेच आज उभे आहे.